आई आजारी, बाळ अंगावर



बाळ अंगावर असताना आईला ताप आला, की घरात पहिला प्रश्न उठतो तो दुधाचा. तापातले दूध बाळाला बाधते, असे जुन्या बायका सांगतात आणि मायेपोटीच बाळाला आईपासून तोडले जाते. हा समज चुकीचा आहे आणि त्याने बाळाचे नुकसान होते. सर्दी-खोकला, फ्लू, मलेरिया, टायफॉइड, जुलाब यांपैकी कशातही पाजणे बंद करायचे नसते. आईला ताप चढेपर्यंत जंतू बहुधा बाळापर्यंत पोचलेलेच असतात. त्या जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे मात्र बाळाला दुधातूनच मिळतात. २०२० साली कोविडच्या साथीतही जागतिक आरोग्य संघटनेने आईला मास्क लावून पाजत राहण्याचाच सल्ला दिला होता. पाजणे थांबवायला लावणारी कारणे मोजकी आहेत, उदाहरणार्थ कर्करोगावरची केमोथेरपी, किरणोत्सारी आयोडीन, आणि स्तनावर हर्पिसचे फोड असतील तर तेवढी एक बाजू. क्षयरोगातसुद्धा आईची औषधे चालू ठेवून पाजता येते. बाळाला डॉक्टर प्रतिबंधक औषध देतात.

स्तनात दूध साकळून गाठ आली, तिथे लाली आणि ठणका असला, तर ताप त्याचाच असू शकतो. तेव्हा पाजणे थांबवले तर उलट पू होण्याचा धोका वाढतो. बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत ताप आला आणि पोट दुखत असेल किंवा अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी येत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पनवेलजवळच्या कामोठ्यात अडचण दुधापेक्षा माणसांची असते. सिडकोने वसवलेल्या या सेक्टरांत कितीतरी संसार नवरा, बायको आणि बाळ एवढेच. सासर घाटावर, माहेर कोकणात; नवरा सकाळी मानसरोवर किंवा खांदेश्वरला लोकल धरतो तो रात्रीच परततो. आजारी आईने अशा घरात सगळेच रेटायचे ठरवले, तर दुखणे लांबते. आईकडे दोनच कामे ठेवावीत, पाजणे आणि झोप. अंघोळ, लंगोट, ढेकर काढणे, स्वयंपाक हे दुसऱ्याने उचलावे. नवऱ्याने दोन दिवस रजा टाकणे ही औषधाइतकीच गरज आहे. शेजारच्या काकूंना दुपारी तासभर बाळाला घ्यायला सांगण्यात संकोच नसावा. बहुतेकींनी तो काळ स्वतः काढलेला असतो.

घरात दुसरे कोणीच नसेल तेव्हा जमिनीवर चटई अंथरून सगळा मुक्काम तिथेच हलवावा: लंगोट, पुसायचे कपडे, पाण्याची बाटली, फोन, साबण घातलेल्या पाण्याची छोटी बादली. चक्कर येत असताना बाळाला उचलून खोल्या ओलांडू नयेत, आणि पलंगाच्या कडेवर लंगोट तर मुळीच बदलू नये. कुशीवर झोपून पाजता येते. पाजून झाले की बाळ पाळण्यात. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांनी गुंगी येते आणि गुंगीतली आई शेजारी झोपली, तर बाळाचा श्वास कोंडू शकतो. बाळाला घेण्यापूर्वी दरवेळी साबणाने हात धुवावेत, खोकला असेल तर मास्क लावावा, पापे घेऊ नयेत.

पावसाळ्यात पनवेल भागात डेंग्यूची धास्ती असतेच. त्याचा डास दिवसा चावतो आणि भरून ठेवलेल्या पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत वाढतो. आईला चावलेला डास पुढे काही दिवसांनी बाळाला चावू शकतो; म्हणून बाळाइतकीच तापकरी आईही भर दुपारी मच्छरदाणीत हवी. रक्त तपासून डेंग्यू नाही असे कळेपर्यंत तापावर फक्त पॅरासिटामॉल घ्यावे. आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नये, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रीन असते, त्याने दूध कमी होते. औषधाच्या दुकानात ‘बाळ अंगावर पिते’ हे वाक्य पहिले सांगावे. जुलाबात ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात कालवून आईने दिवसभर घोट घोट प्यावे. आईच्या गोळीचा तुकडा बाळाला कधीही देऊ नये.

बाळाकडे लक्ष कशाचे ठेवायचे, याचा धडा गडचिरोलीने घालून दिला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळ घरच्या घरी तपासायला शिकवले. त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि आज आशाताई घरी येऊन बाळ पाहतात त्याची पायवाट तिथूनच निघाली. बाळ शांत असताना घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा जास्त भरले, अथवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर न्युमोनियाची शंका घ्यावी. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप, दूध ओढायचे सोडणे, झटके, अंग गार पडणे, टाळू खोल जाणे यांपैकी एकही दिसले, तरी रात्र काढू नये. कामोठ्यात एमजीएमचे रुग्णालय आहे, पनवेलला सरकारी उपजिल्हा रुग्णालय. गाडी मिळत नसेल तर १०८.

आईलाच दाखल व्हावे लागले, तर दर तीन तासांनी हाताने दूध काढावे. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात ते बाहेर चार तास टिकते. उन्हाळ्यात मात्र लगेच फ्रीजमध्ये ठेवावे. द्यायचे ते बाटलीने नको, वाटी-चमच्याने. दुखण्यातून उठल्यावर दूध कमी वाटते आणि घाईघाईने पावडरचा डबा घरात येतो. दिवसरात्रीत सहा-सात लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर बाळाला दूध पुरते आहे. वारंवार पाजत राहिले, की काही दिवसांत ते पहिल्यासारखे येते.

मावशी