उंबरठा नसलेले दुकान

प्रास्ताविक

गावातील दुकानात गिऱ्हाईक येते, माल हातात घेऊन पाहते, भाव विचारते आणि मग खरेदी करते. माल खराब निघाला, तर दुसऱ्या दिवशी तेच दुकान आणि तोच दुकानदार समोर असतो. या ओळखीवर आपला व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आता मात्र दुकान संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरही मांडता येते. दुकानाच्या या नव्या रूपाला व्यावसायिक संकेतस्थळ म्हणतात. तेथे दुकानदार दिसत नाही, माल हाताळता येत नाही. मग गिऱ्हाइकाने विश्वास ठेवावा तो कशावर? या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत पाठात शोधले आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
• संकेतस्थळ उभारण्यापूर्वी कोणता विचार करावा, हे सांगू शकाल;
• मालाची स्तुती आणि मालाची माहिती यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• संकेतस्थळाच्या प्रसाराचे मार्ग सांगू शकाल;
• एखाद्या वस्तूचे नेमके व प्रामाणिक वर्णन लिहू शकाल.

मूळ पाठ

२००५ सालच्या दिवाळीत बंगळूरमध्ये नोकरी करणारे तरुण अभियंते फणींद्र सामा हैदराबादला जाण्यासाठी बसचे तिकीट शोधत होते. एका एजंटाकडून दुसऱ्याकडे ते हिंडले; परंतु तिकीट मिळाले नाही आणि सणाला घरी जाणे राहून गेले. कोणत्या बसमध्ये किती जागा शिल्लक आहेत, हे कोणाही एका एजंटाला पूर्णपणे ठाऊक नव्हते. म्हणजे अडचण केवळ जागांची नव्हती. माहिती विखुरलेली होती. सामा यांनी चरण पद्मराजू व सुधाकर पसुपुनुरी या मित्रांसह २००६ मध्ये ‘रेडबस’ हे संकेतस्थळ सुरू केले. निरनिराळ्या कंपन्यांच्या बसगाड्या, त्यांच्या वेळा, दर आणि रिकाम्या जागा प्रवाशाला एकाच ठिकाणी दिसू लागल्या. स्वतःची बस नसतानाही हा व्यवसाय वाढला. कारण प्रवाशाला हवी असलेली खात्रीची माहिती त्याने पुरवली. २०१३ मध्ये इबिबो समूहाने तो विकत घेतला.

या उदाहरणातून पहिली गोष्ट लक्षात येते, ती ही की आधी गिऱ्हाइकाची गरज ओळखावी आणि मग संकेतस्थळ उभारावे. पुष्कळ व्यावसायिक याच्या उलट करतात. हलती चित्रे आणि झगमगीत रंग यांवर ते खर्च करतात. मात्र वस्तूची किंमत आणि संपर्काचा क्रमांक शोधून सापडत नाही. असे संकेतस्थळ म्हणजे दारावर तोरण बांधलेले, पण दार बंद असलेले दुकान होय.

आता रत्नागिरीतील एका आंबा बागायतदाराची कल्पना करा. इंदूर, बडोदा अशा शहरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांना त्याला आपला हापूस विकायचा आहे. संकेतस्थळावर तो लिहितो, ‘आमचे आंबे सर्वोत्कृष्ट, अप्रतिम आणि अमृतासारखे गोड!’ यात स्तुती आहे; माहिती मात्र नाही. तोच असे लिहील तर? ‘स्वतःच्या बागेतील हापूस. एका पेटीत पाच डझन. आंबे पूर्ण वाढलेले, परंतु कच्चे पाठवले जातात. पेटी मिळताच उघडून आंबे गवतात किंवा कागदावर पसरून ठेवावेत. पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नयेत. आंबा नासका निघाल्यास दोन दिवसांत छायाचित्र पाठवावे. त्या आंब्याचे पैसे परत केले जातील.’

पहिले वर्णन वाचून पेटी मागवणारे गिऱ्हाईक हिरवे आंबे पाहून फसवणूक झाली असे समजेल. दुसरे वर्णन वाचणारे गिऱ्हाईक आंबे पिकण्याची वाट पाहील. माल एकच, फरक पडला तो शब्दांमुळे. दुकानात दुकानदार समजावून सांगू शकतो. संकेतस्थळावर त्याच्या वतीने शब्दच बोलतात.

खरी कसोटी पुढेच असते. एखाद्या वर्षी अवकाळी पावसाने मोहोर गळतो, बागेत आंबा थोडा येतो आणि मागणी मात्र वाढलेली असते. अशा वेळी बाहेरून आणलेला आंबा आपल्याच नावाने पेटीत भरण्याचा मोह होतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यामुळे हे नाव भलत्याच आंब्याला देणे हा कायद्याचाही भंग ठरतो. बागायतदाराने त्या दिवशी संकेतस्थळावर एवढेच लिहावे – ‘या वर्षीचा आंबा संपला.’ या एका वाक्याने काही पेट्यांचा नफा बुडेल. परंतु पुढच्या वर्षी गिऱ्हाईक परत येईल.

संकेतस्थळाचा पत्ता सुटसुटीत व लक्षात राहणारा असावा. ‘डॉट इन’ने संपणारे पत्ते २००५ पासून सर्वांना सुलभपणे मिळू लागले आणि २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ असा पत्ताही घेता येतो. हा पत्ता कायमचा विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीनंतर शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करावे लागते. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या कारागिराच्या नावावर पत्ता नोंदवला गेला, तर पुढे तो परत मिळवणे कठीण होते. दुकानाच्या जागेची कागदपत्रे आपण स्वतःच्या नावावर करून घेतो, तीच दक्षता येथेही घ्यावी.

संकेतस्थळ तयार झाले म्हणजे गिऱ्हाइके आपोआप येत नाहीत. गूगलसारखी शोधयंत्रे संकेतस्थळांवरील मजकूर वाचून त्याची सूची करतात आणि विचारलेल्या शब्दांशी जुळणारी पाने दाखवतात. म्हणून गिऱ्हाईक ज्या शब्दांनी वस्तू शोधते, तेच शब्द मजकुरात स्वाभाविकपणे यावेत. पेटीवर आणि पावतीवर पत्ता छापावा. छायाचित्रे स्वतःच्या बागेची व मालाची असावीत. बहुतेक लोक मोबाइलवर पाहतात, हे ध्यानात ठेवून पाने हलकी ठेवावीत. तथापि, समाधानी गिऱ्हाइकाच्या तोंडी शिफारशीएवढा प्रभावी प्रसार दुसरा नाही.

या व्यवहाराला कायद्याचेही बंधन आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांनुसार विक्रेत्याचे नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती ठळकपणे द्यावी लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत देणे व तिचे निवारण एका महिन्यात करणे आवश्यक असते. विक्रेत्याने स्वतःच ग्राहक बनून आपल्या मालाविषयी खोटे अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे. पैसे स्वीकारताना गिऱ्हाइकाचा पिन किंवा ओटीपी कधीही विचारू नये. ग्राहकाला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते.

तंत्रज्ञान विकत घेता येते, जाहिरातही विकत घेता येते. पत मात्र दिलेला शब्द पाळूनच मिळवावी लागते. पूर्वीचा दुकानदार सकाळी उंबरठा झाडून दुकान उघडत असे. नव्या दुकानाला उंबरठा नाही. परंतु तेथील मजकूर रोज तपासून खरा ठेवणे, हीच त्याची झाडलोट होय.

शब्दार्थ

अभिप्राय – मत, शेरा
मोहोर – आंब्याचा फुलोरा
भौगोलिक मानांकन – विशिष्ट प्रदेशातील उत्पादनाला मिळणारी कायदेशीर ओळख
नूतनीकरण – मुदत पुन्हा वाढवून घेणे
पत – व्यवहारातील विश्वासार्हता

पाठगत प्रश्न

१. योग्य पर्याय निवडा.
‘रेडबस’ने प्रवाशांची कोणती अडचण दूर केली?
(अ) बसगाड्यांची कमतरता (आ) विखुरलेली माहिती (इ) महाग तिकिटे

२. एका वाक्यात उत्तर लिहा.
(अ) कच्च्या आंब्यांविषयी संकेतस्थळावर सूचना का द्यावी?
(आ) संकेतस्थळाचा पत्ता कोणाच्या नावावर नोंदवावा?

भाषाभ्यास

‘अप्रतिम’, ‘सर्वोत्कृष्ट’ ही गुणविशेषणे मत व्यक्त करतात. ‘पाच डझन’, ‘दोन दिवसांत’ हे शब्द पडताळून पाहता येणारी माहिती देतात. पाठातील आंब्यांच्या दोन्ही वर्णनांतून अशा शब्दांची स्वतंत्र यादी करा.

स्वाध्याय

१. ‘संकेतस्थळावर दुकानदाराच्या वतीने शब्दच बोलतात’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ‘या वर्षीचा आंबा संपला’ असे लिहिण्याचा बागायतदाराचा निर्णय तुम्हांला योग्य वाटतो का? सकारण लिहा.
३. तुमच्या परिसरात तयार होणाऱ्या एखाद्या वस्तूचे संकेतस्थळासाठी साठ शब्दांत वर्णन लिहा. त्यात किंमत, प्रमाण, वापराची सूचना व वस्तू परत घेण्याची अट यांचा समावेश करा.