साक्षीदाराला प्रश्न कसा विचारावा?



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळी डोळ्यांपुढे येतात. शाळेत आम्ही सर्वजण तोच इतिहास शिकलो. परंतु ज्या माणसाने एखादा प्रसंग स्वतः पाहिला, त्याच्याकडून तो समजून कसा घ्यावा, हे पाठ्यपुस्तकात सापडत नाही. म्हणून आजच्या पाठात आपण क्लोद लान्झमन या फ्रेंच यहुदी दिग्दर्शकाच्या 'शोआ' या अनुबोधपटाचा विचार करू.

लान्झमन यांचा जन्म १९२५ सालचा. ते २०१८ साली वारले. 'शोआ' १९८५ साली प्रदर्शित झाला. तो तयार होण्यास सुमारे अकरा वर्षे लागली. सुमारे साडेतीनशे तासांचे चित्रण झाले होते. झिवा पोस्टेक या इस्राएली बाईंनी त्याचे संकलन केले आणि त्यातून साडेनऊ तासांचा चित्रपट उभा राहिला. नाझींनी केलेला यहुद्यांचा संहार हा त्याचा विषय. असे असूनही त्यात त्या काळातले एकही जुने चित्रण नाही. आहेत ती फक्त माणसे, त्यांचे बोलणे, आणि त्या जागा आज (म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी) कशा दिसत होत्या ते. विषवायूने माणसे मारतानाची नाझींनी घेतलेली एखादी गुप्त फीत हाती आली असती, तर आपण ती नष्ट केली असती, असे लान्झमन यांनी १९९४ साली लिहिले. या मतावर पुष्कळ वाद झाला. त्यांचे म्हणणे असे की, अशा दृश्याने पाहणाऱ्याला सर्व काही समजल्याचा भास होतो, आणि मग तो ऐकण्याचे कष्ट घेत नाही.

आता त्यांची रीत पाहू. 'हे का घडले?' हा प्रश्न त्यांनी जाणूनबुजून बाजूला ठेवला. ते 'कसे' विचारीत. गाडीला डबे किती होते? थंडी किती होती? दाराजवळ कोण उभे होते? 'का' विचारले की माणूस भाषण करू लागतो. 'कसे' विचारले की त्याला आठवावे लागते.

दुसरी गोष्ट, जागा आणि हातातले काम. हेन्रिक गाव्कोव्स्की हा पोलिश माणूस त्या काळी ट्रेब्लिंकाकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन चालवीत असे. लान्झमन यांनी इंजिन भाड्याने घेऊन त्याला पुन्हा त्यावर चढविले. स्थानक येताच त्याने गळ्यावरून बोट फिरवून खूण केली. ती करायला त्याला कोणी सांगितले नव्हते. अब्राहम बोंबा हे ट्रेब्लिंकातून वाचलेले न्हावी. त्यांची मुलाखत इस्राएलमधल्या एका केशकर्तनालयात, हातात कात्री असताना घेतली.

तिसरी गोष्ट भाषेची. लान्झमन यांना पोलिश, हिब्रू आणि यिद्दिश येत नव्हते. दुभाषी बाईंचा आवाज त्यांनी कापला नाही. प्रश्न, त्याचे भाषांतर, उत्तर, पुन्हा भाषांतर, असे सर्व आपल्याला ऐकू येते. आपल्या घरांत हे रोजच चालते. नातू हिब्रूत विचारतो, आजी मराठीत सांगते आणि मधे बसलेली आई दोघांना जोडते. यात कमीपणा नाही. आजीला तिच्याच भाषेत बोलू द्यावे, कारण आठवण ज्या भाषेत घडली त्याच भाषेत ती पुरती सांगता येते.

परंतु या रीतीला मर्यादाही आहे. सांगता सांगता बोंबा थांबले. त्यांच्याने बोलवेना. लान्झमन यांनी आर्जव केले, सांगितलेच पाहिजे म्हटले, आणि काही वेळाने बोंबा पुढे बोलले. हे योग्य की अयोग्य, यावर आजही मतभेद आहेत. आमचे मत असे की, बोंबा यांनी साक्ष देण्याचे स्वतः पत्करले होते, म्हणून तेथे ते चालले. घरातल्या वडीलधाऱ्यांनी तसे काही पत्करलेले नसते. ते गप्प झाले तर आपणही गप्प बसावे. फ्रान्झ सुखोमेल या माजी नाझी पहारेकऱ्याचे चित्रण लान्झमन यांनी लपविलेल्या कॅमेऱ्याने केले. गुन्हेगाराच्या बाबतीत कोणी त्याचे समर्थन करील, पण आपल्या माणसाला न विचारता त्याचा आवाज टिपणे बरे नव्हे.

आणखी एक बोध. चित्रपटात न घेतलेले दोनशेहून अधिक तासांचे चित्रण वॉशिंग्टनच्या संहार-स्मारक संग्रहालयात जपून ठेवले आहे. आज आपल्याला बिनमहत्त्वाचे वाटते ते उद्या कोणाच्या उपयोगी पडेल, ते सांगता येत नाही.

आता आपल्याकडे वळू. केहिमकरांनी लिहिलेला बेने इस्राएलांचा इतिहास १९३७ साली तेल-अवीवला छापला गेला. त्यापुढचे पुष्कळसे अजून माणसांच्या आठवणीतच आहे. १९६४ साली विवाहनोंदणीच्या प्रश्नावर आपल्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. तेव्हा जो पंचविशीत होता, तो आज पंच्याऐंशीच्या पुढे गेला. ठराव आणि तारखा दप्तरात मिळतील. रात्री अंगावर काय पांघरले, मुलांना कोणाकडे ठेवले, भाकरी कोणी आणून दिली, हे दप्तरात मिळणार नाही. ते सांगणारे दर वर्षी कमी होत आहेत.

म्हणून पुढील अंकापर्यंत हा गृहपाठ:

१. घरातील किंवा ओळखीच्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीची परवानगी घेऊन तिच्याजवळ तासभर बसावे. शक्य तर ती चिकाचा हलवा ढवळीत असताना किंवा जुने फोटो चाळताना.

२. 'तुम्ही इस्राएलला का आलात?' असे विचारू नये. पेटीत काय भरले? काय मागे ठेवले? पहिल्या रात्री काय शिजविले? शेजारीण कोणत्या देशाची होती आणि तिच्याशी कसे बोललात? असे विचारावे.

३. कोकणातले आठवत असेल तर घाणा कोठे होता, बैलाचे नाव काय, तेल कशाने मोजीत, हे विचारावे.

४. मोबाइलवर आवाज टिपावा. खोकला, थांबणे, मधले हसू, काहीही पुसू नये. व्यक्तीचे नाव, गाव आणि तारीख सुरुवातीला बोलून घ्यावी.

५. ऐकून झाल्यावर सांगितले तसे मराठीत उतरवावे. हिब्रू भाषांतर सावकाश करता येईल.