टेम्पो कधी येणार? एकसमान वितरणाची गणितं दुकानाच्या भाषेत

या वेळचा व्हिडिओ थोडा वेगळा आहे. माझी भाची बारावी कॉमर्सला आहे. संभाव्यतेची वही घेऊन ती दुकानात आली आणि म्हणाली, "मामा, हे एकसमान वितरण डोक्यात जात नाहीये." तिला समजावता समजावता माझीच एक जुनी चूक सापडली. तीच आज सांगतो.

आधी पाया बघू. फासा टाकला की १ ते ६ पैकी प्रत्येक आकड्याला सारखीच संधी, म्हणजे १/६. दहावीच्या गणित भाग १ मधलं संभाव्यतेचं प्रकरण आठवा. मात्र दोन फाशांची बेरीज घेतली की सारखेपणा संपतो, कारण ७ येण्याची संभाव्यता ६/३६ आणि २ येण्याची फक्त १/३६. पुष्कळ मुलं इथे "११ शक्यता, म्हणून १/११" असं लिहून मोकळी होतात. मार्क गेले!

वेळ, वजन, अंतर अशा गोष्टी मात्र मोजत नाही, मापतो. तिथे टोकं मोजायची नाहीत, लांबी मोजायची. सूत्र एवढंच:

संभाव्यता = हव्या असलेल्या भागाची लांबी ÷ पूर्ण पट्ट्याची लांबी

आता माझा किस्सा. मालाचा टेम्पो सकाळी १० ते ११.३० मध्ये कधीही यायचा. मला बँकेत जायचं होतं, वेळ ११ ते ११.२०. मनात हिशोब केला की पट्टा ९० मिनिटांचा, मी नसणार २० मिनिटं. २०/९० म्हणजे २/९, साधारण २२ टक्के. एवढी रिस्क चालते म्हणून शटर ओढलं आणि निघालो. परत येतो तर टेम्पो येऊन, बंद शटर बघून रेवदंड्याकडे निघून गेलेला. शनिवार होता, पर्यटकांची गर्दी आणि माझी फळी रिकामी. बायको काय बोलली ते इथे लिहीत नाही.

त्या दिवशी मी नशिबाला दोष दिला. भाचीच्या वहीत तसंच गणित निघालं तेव्हा कळलं की नशीब नाही, छेद चुकला होता. मी ११ वाजता निघालो तोपर्यंत टेम्पो आलेला नव्हता. म्हणजे पहिली ६० मिनिटं पट्ट्यातून बाद झाली आणि उरली फक्त ३०. त्यातली २० मिनिटं मी दुकानात नाही. उत्तर २०/३०, म्हणजे २/३. मी २२ टक्के समजत होतो ती रिस्क जवळपास ६७ टक्के होती! सकाळी १० वाजता विचारलं असतं तर २/९ बरोबरच होतं. गणितात "अजून आलेली नाही हे माहीत असताना" असे शब्द दिसले की आधी पट्टा कापा, मग भागाकार करा. परीक्षेत याच एका ओळीवर मुलं अडकतात.

सरासरी सोपी आहे, दोन्ही टोकांची बेरीज भागिले २. एसटी दर २० मिनिटांनी असेल आणि तुम्ही वेळ न बघता स्टँडवर गेलात, तर सरासरी थांबणं १० मिनिटं. ५ मिनिटांच्या आत मिळण्याची संभाव्यता ५/२०, म्हणजे १/४. बरोब्बर सातव्या मिनिटाला, ना एक सेकंद पुढे ना मागे? शून्य, कारण बिंदूला लांबी नसते. प्रचरण हवं असेल तर पट्ट्याच्या लांबीचा वर्ग भागिले १२. इथे ४००/१२, म्हणजे ३३.३३.

"वेळ न बघता" हे महत्त्वाचं. मांडवा ते भाऊचा धक्का रो-रो मार्च २०२० मध्ये सुरू झाली, तिचं वेळापत्रक असतं. ते बघून निघालात तर तुमचं थांबणं एकसमान राहत नाही. आणि होडी भरली की सुटणार असा प्रकार असेल तिथे तर हे सूत्र लावूच नका.

आता दुकानदारांसाठी. समजा, रविवारी पावाच्या लाद्यांची मागणी ४० ते १०० मध्ये कुठेही, सारख्याच संधीने. खरेदी १८ रुपये, विक्री २४, उरलेली लादी फुकट. किती मागवाल? बहुतेक जण सरासरी धरून ७० म्हणतात. पण एक लादी कमी पडली तर ६ रुपये नफा हुकतो, उरली तर १८ जातात. म्हणून ६ ÷ (६ + १८) = १/४. पट्ट्याची लांबी ६०, तिचा पाव १५, म्हणजे ५५ लाद्या. सरासरी नफा काढून बघितला: ५५ ला २८५ रुपये, ७० ला २४०, आणि १०० ला चक्क १२० रुपये तोटा. गंमत म्हणजे ४० मागवल्या तरी २४०च. १५ ने जास्त काय आणि १५ ने कमी काय, फटका सारखाच.

उरलेली लादी १२ रुपयांना मिसळवाल्याकडे जात असेल तर तोटा ६ वर येतो, गुणोत्तर १/२ होतं आणि तेव्हा मात्र ७० बरोबर.

घरचा अभ्यास: त्याच टेम्पोसाठी १०.४५ वाजले, टेम्पो आलेला नाही. पुढच्या १५ मिनिटांत येण्याची संभाव्यता किती? १/६ आलं तर पट्टा कापायचा राहिला. उत्तर १/३.