आळस नव्हे, आजार

घरातली कर्ती बाई हळूहळू मंदावते. भांगलणीत तिची पात मागे राहते, चुलीवरचे दूध उतू जाते, सांगितलेला निरोप ध्यानात राहत नाही. घरचे म्हणतात, "अंगात आळस भरला." कोणी बाहेरची बाधाही म्हणतो. असा ठपका ठेवण्यापूर्वी तिचे रक्त तपासून घ्यावे, असे आम्ही सुचवतो.

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. ती थायरॉक्सिन हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तात सोडते. शरीराच्या व मेंदूच्या कामाचा वेग त्यावर अवलंबून असतो. जळण कमी पडले की आधण लवकर येत नाही, तसेच हे आहे. संप्रेरक कमी पडले की थकवा येतो, थंडी सोसत नाही, त्वचा कोरडी पडते, शौचास साफ होत नाही, मन खिन्न होते आणि विसराळूपणा वाढतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार अधिक आढळतो.

इ.स. १८९१ मध्ये इंग्लंडातील न्यूकॅसल येथे डॉ. जॉर्ज मरे यांनी अशाच एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. तिची बोलण्या-चालण्यातील मंदता गेली आणि उपचार चालू ठेवून ती आणखी २८ वर्षे जगली. पुढे अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी शुद्ध थायरॉक्सिन वेगळे केले. आज ते गोळीच्या रूपाने मिळते.

गोळी घेताना एवढे पाळावे :

१. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. चहा-न्याहारी अर्ध्या ते एक तासाने करावी.

२. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने घ्यावी.

३. गुण येण्यास काही आठवडे लागतात. सहा ते आठ आठवड्यांनी टी.एस.एच. ही रक्ततपासणी पुन्हा करून डॉक्टर मात्रा ठरवतात.

४. बरे वाटले म्हणून मनाने गोळी बंद करू नये. बहुतेकांना ती जन्मभर लागते. दिवस राहिल्यास लगेच डॉक्टरांना सांगावे. पोटातील बाळाच्या मेंदूची वाढही या संप्रेरकावर अवलंबून असते.

मात्र ही बुद्धी वाढवण्याची गोळी नव्हे. शेजारणीला गुण आला म्हणून तिची गोळी आपण घेऊ नये. मात्रा जास्त झाल्यास छातीत धडधडते, झोप उडते, हाडे ठिसूळ होतात.

पेरणी-कापणीच्या घाईत बाईचे दुखणे मागे पडते. तपासणीला एक सकाळ पुरते. तेवढी सकाळ तिला द्यावी.