11 आणि 21

छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासवर आमच्या धाकट्याची स्कूटी घसरली तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. समोरचे वरचे दोन दात मोडले, ओठ फाटला, तोंड नीट उघडेना. घाटी या सरकारी रुग्णालयात न जाता आम्ही त्याला गारखेड्यातल्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. घरात सगळ्यांची मिळून एक मेडिक्लेम पॉलिसी होती आणि सात वर्षांत हप्ता एकदाही चुकला नव्हता. पैशांचा विचार त्या रात्री मनात आलाच नाही.

एक्स-रेत जबड्याला बारीक तडा दिसला. डॉक्टर म्हणाले, "जबड्याच्या सर्जनना दाखवा, एक रात्र हॉस्पिटलात ठेवलेलं बरं." पोरगा घाबरलेला, त्याची आई रडतेय. आम्ही त्याला घरी घेऊन आलो. सुदैवाने तडा आपोआप भरून आला. पुढे दोन महिने क्लिनिकच्या फेऱ्या झाल्या: हलणारे दात तारेनं बांधले, दोन रूट कॅनॉल केले, दोन कॅप बसवल्या. खर्च 58,000 रुपये. क्लेम टाकला, तो नामंजूर झाला.

रागाच्या भरात मी ते पत्र फाडणार होतो. मग केसपेपर काढून पाहिला. त्यावर लिहिलं होतं: 11, 21, आरसीटी. वरच्या जबड्यातल्या मधल्या दोन दातांचे हे क्रमांक, आणि आरसीटी म्हणजे रूट कॅनॉल. दात कशामुळे मोडले, याबद्दल एक शब्द नाही. वाचणाऱ्याला ते किडलेल्या दातांचं नेहमीचं रूट कॅनॉलच वाटणार. शिवाय मुलगा कुठे दाखल झालेला नव्हता, आणि आमच्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च बसत नव्हता.

बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत दातांचा उपचार वगळलेला असतो. अपघाताने इजा झाली आणि त्यासाठी हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं, तरच तो खर्च मिळतो. 2020 साली आलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत आजारामुळे किंवा इजेमुळे लागणारा दंतोपचार धरला आहे, पण तोही दाखल झाल्यावरचाच. 'हॉस्पिटल' कशाला म्हणायचं, हेही पॉलिसीत लिहिलेलं असतं. एका खुर्चीचं क्लिनिक त्यात सहसा बसत नाही. तोंडाचा कर्करोग किंवा जबड्यातली गाठ यांची शस्त्रक्रिया मात्र दातांचा खर्च म्हणून सोडून देऊ नका. दाखल होऊन केलेल्या अशा शस्त्रक्रियेचा क्लेम आजार म्हणून करता येतो.

म्हणून अपघात झाला तर पहिला तास कागदांसाठीही महत्त्वाचा आहे. आधी हॉस्पिटल गाठा, तिथे अपघाताची नोंद करून घ्या. केसपेपरवर तारीख, वेळ, ठिकाण आणि 'पडल्याने इजा' हे शब्द डॉक्टरांकडून लिहून घ्या. एक्स-रेच्या फिल्म जपा. डॉक्टर दाखल व्हा म्हणाले तर व्हा, आणि साधारणपणे 24 तासांच्या आत कंपनीला किंवा तिच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या टीपीएला कळवा. पण गरज नसताना कागदोपत्री दाखल दाखवायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. ती फसवणूक आहे. पकडली गेली तर पॉलिसीच रद्द होते आणि पुढच्या खऱ्या आजारात घर उघडं पडतं.

तुमची बाजू खरी असूनही क्लेम नाकारला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. आपल्या भागासाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, पण वर्षाच्या आत जावं लागतं. मी गेलो नाही, कारण नाकारण्याची कारणं पॉलिसीतच लिहिलेली होती. ती मी वाचलीच नव्हती.

साध्या किडीसाठी, कवळीसाठी विम्याच्या भरवशावर राहू नका. घाटीच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. रांग लागते, फेऱ्या पडतात, पण खर्च खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी येतो.

आज घरी गेल्यावर पॉलिसी काढा आणि काय काय मिळणार नाही त्याचं पान उघडा. त्यात दातांविषयी काय लिहिलंय ते बघा. कळलं नाही तर कंपनीला ई-मेलने विचारा आणि आलेलं उत्तर पॉलिसीसोबत फाइलला लावून ठेवा.