नफा नसलेल्यांचा हिशेब

कळंब येथील आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभेत, कित्येक वर्षे लेखापरीक्षण झालेले नसताना, टाकीच्या दुरुस्तीसाठी जमविलेल्या वर्गणीचा जमाखर्च कोणी विचारला, की पदाधिकारी मोठ्या शांतपणे म्हणत, 'आपण काही कंपनी नव्हे. इथे नफाच नाही, तर तपासणी कशाची?' या उत्तरापुढे भले भले सभासद निरुत्तर होत, कारण त्याचा पूर्वार्ध अक्षरशः खरा होता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या कलम १६७ नेच कंपनी कायदा सहकारी संस्थांना लागू नाही असे सांगून ठेवले आहे. त्यामुळे, हैदराबादेत २००९ साली सत्यम कंपनीचा घोटाळा उघडकीस आल्यानंतर, २०१३ च्या कंपनी कायद्याने कंपन्यांच्या संचालकांवर जी बंधने घातली, त्यांचा हवाला देऊन आमच्या एका शेजाऱ्यांनी केलेला अर्ज सहकार खात्याच्या दफ्तरातून परत आला, यात नवल नव्हते.

मात्र त्याच अधिनियमाचे कलम ८१ प्रत्येक आर्थिक वर्षाचे लेखापरीक्षण, वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, शासनाने मान्य केलेल्या नामिकेवरील लेखापरीक्षकाकडून करून घेण्यास फर्माविते, कलम ७५ प्रमाणे ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सभा भरवावी लागते, आणि यांत नफ्याची अट कोठेही नाही. कलम ८८ तर गैरव्यवहाराने झालेले नुकसान पदाधिकाऱ्यांकडून व्यक्तिशः वसूल करण्याचा अधिकार देते; घरगुती सलोख्याच्या नावाखाली हे कलम सहसा कोणी उच्चारीत नाही.

अशा प्रसंगात सापडलेल्यांनी प्रथम नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावे, कारण १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालील संघ असेल तर वाट निराळी. तालुक्याच्या गावी अध्यक्ष हे कोणाचे तरी सोयरे, कोणाचे गुरुजी असतात, आणि हिशेब मागणे म्हणजे त्यांच्या अब्रूला हात घालणे असे मानले जाते; म्हणून पत्रात आरोपाचा शब्दही न लिहिता केवळ कागद मागावेत: ताळेबंद, बँकेचे खातेउतारे आणि सिंकिंग फंडाच्या ठेवीच्या पावत्या. पत्राची पोच न चुकता घ्यावी. उत्तर न आल्यास तीच पोच जोडून सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे कलम ८१ खाली अर्ज करावा. संस्थेने लेखापरीक्षक नेमला नसेल तर निबंधक तो नेमू शकतात, आणि त्याचा मेहनताना संस्थेलाच द्यावा लागतो.