‘छू’ म्हणण्याआधी

शनिवारी तू रेंजर घेऊन बसणार आणि बरोबर लांडगा आणणार, हे तुझ्या आईकडून कळलं. (ती मला विचारत होती, त्याला इंजेक्शन द्यावं लागतं का. मी ‘हो, रेबीजचं’ म्हणून ठेवलंय. सांभाळून घे.) मावशी म्हणून नाही, या टेबलावर वीस वर्षं फासे टाकलेली बाई म्हणून चार गोष्टी कानात घालते. नियम तू वाचशीलच. ते खेळताना कुठे अडतात, हे मात्र पुस्तकात सापडत नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात बसव. टेबलाभोवती पाचजण असतील तर संध्याकाळ पाचजणांची असते. तू प्राणी आणलास की एकाच्या पैशात दोन ताटं मागवतेस. लांडग्याची हालचाल, लांडग्याचा वार, लांडग्याला लागलेला मार, सगळं तुझ्या पाळीत. तेवढा वेळ बाकीचे चौघं वेफर्सची पिशवी रिकामी करतात. डंजन्स अँड ड्रॅगन्समधल्या प्राण्यांच्या नियमांचा इतिहास बघितलास तर तो बहुतेक या दुसऱ्या ताटाचाच वाद आहे.

मी शिकले ती २००३ ची साडेतीन आवृत्ती. अमेरिकेत शिकत होते, चौघी एका फ्लॅटमध्ये, जेवणाचं टेबल हेच रणांगण. त्या नियमांत ड्रुइडला पहिल्या लेव्हललाच प्राणी मिळायचा आणि त्याला स्वतःची अख्खी पाळी असायची. मी मंत्र टाकणार, माझा लांडगा चावणार, आणि आमची फायटर एकदा तलवार मारून बसणार. पहिल्या लेव्हलला तर माझा लांडगाच फायटरच्या बरोबरीने लढायचा, मी वरची. ती रूममेट पुढे माझ्याशी महिनाभर नीट बोलली नाही. कारण वेगळं सांगायची, पण मला ठाऊक होतं.

मग २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत नियम करणाऱ्यांनी लंबक पार दुसऱ्या टोकाला नेला. बीस्ट मास्टर रेंजरने लांडग्याला ‘चाव’ म्हटलं की त्याची स्वतःची ॲक्शन गेली. बाण तरी सोड नाहीतर लांडगा तरी सोड. पाचव्या लेव्हलला लांडग्याच्या वाराबरोबर स्वतःचा एक वार करायची मुभा मिळायची, तोवर एका हाताने साखळी धरून उभं राहायचं. शिवाय प्राणी मध्यम आकाराचा आणि पाव चॅलेंज रेटिंगच्या आतला हवा. म्हणजे पँथर चालेल, पण काळं अस्वल नाही, कारण त्याचं रेटिंग अर्धं. पँथर सगळ्यांना हवा असायचाच, तो कादंबऱ्यांतल्या ड्रिझ्टमुळे. १९८८ च्या ‘द क्रिस्टल शार्ड’पासून त्या कादंबऱ्या वाचलेला प्रत्येक पोरगा काळी मांजर मागतो. गंमत अशी की ड्रिझ्टची ती पँथर पाळलेली नाहीच, जादूच्या मूर्तीतून बाहेर येते. हे सांगितलं की पोरं हिरमुसतात, म्हणून मी सांगत नाही.

२०२० मध्ये ‘ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ने मधला रस्ता काढला: हुकूम बोनस ॲक्शनमध्ये. २०२४ च्या नव्या प्लेयर्स हँडबुकने तोच धरला. पाथफाइंडर या वेगळ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीचा हिशेब मला सगळ्यांत सरळ वाटतो. तुझ्या तीन ॲक्शनपैकी एक दे, प्राण्याला दोन मिळतील. हुकूम नसेल तर तो फार तर स्वतःचा जीव वाचवेल, बाकी काही नाही.

तुमचा डीएम, म्हणजे डंजन मास्टर, २०२४ चं पुस्तक चालवतोय आणि तिसऱ्या लेव्हलपासून सुरू करतोय असं कळलं. मग लांडगा म्हणजे जंगलातला खरा लांडगा नव्हे. जमिनीवरचा, पाण्यातला आणि आकाशातला असे तीन साचे आहेत. तू जमिनीचा घेतलास. आकडे साच्याचे, रूप तुझं. लांडग्याऐवजी आपला कारवान कुत्रा काढलास तरी डीएमला हरकत घेता येणार नाही, आणि शिकारीचं जनावर म्हणून तो शोभेलही. हिट पॉइंट पाच अधिक लेव्हलची पाचपट, म्हणजे तुझ्याकडे वीस. त्याचा वार तुझ्या विस्डमवर लागतो आणि त्याचा बचावही. तेव्हा कॅरेक्टर बनवताना सगळं डेक्स्टरिटीत ओतून विस्डमला कोपऱ्यात टाकू नकोस. रेंजर नेम धरून मारतोय आणि कुत्रं हवेत तोंड मारतंय, हे मी दोनदा पाहिलंय.

आता खरं कसब. त्या साच्यात एक धडक आहे. लांडगा सरळ रेषेत निदान वीस फूट, म्हणजे नकाशावर चार चौकोन, धावत जाऊन चावला तर जास्तीचा एक डी-सिक्स मार बसतो आणि समोरचा आडवा होतो, अगदी ओगरएवढा असला तरी. नवखे काय करतात? लढाई सुरू व्हायच्या आधी लांडग्याला लाडाने शत्रूच्या नाकासमोर नेऊन उभा करतात. मग धाव कुठून घेणार? मागे सरकावं तर पाठमोऱ्यावर फुकटचा वार. म्हणून त्याला मागे ठेव, चार चौकोन मोकळे राख, रेष सरळ ठेव. पहिली धडक झाली की पुढच्या फेरीत शक्यतो दुसरं सावज बघ.

आणि हे वहीत लिहून ठेव: तू धनुष्य वापरतेस. आडव्या पडलेल्याला जवळून मारणं सोपं, पण पाच फुटांपलीकडून बाण मारणं अवघड, तिथे दोन फासे टाकून कमी पडलेला धरायचा. म्हणजे आधी लांडगा सोडलास तर त्याने पाडलेल्या शत्रूवर तुझाच बाण चुकतो. क्रम उलटा कर. आधी बाण, मग ‘छू’. लांडगा तुझ्याच पाळीत हलतो, तेव्हा हुकूम शेवटी दिलास तरी चालतो. मग बघ कोणाची पाळी पुढे आहे. आडवा झालेला आपल्या पाळीला निम्मी चाल खर्चून उठतो, पण त्याआधी तुमच्या फायटरची पाळी येत असेल तर त्याला जवळून दोन फासे टाकून जास्तीचा धरायला मिळतो. लांडगा कोणावर सोडायचा, हे नुसतं शत्रू बघून ठरवू नकोस, इनिशिएटिव्हची यादी बघून ठरव. फायटर तुझ्यावर खूश राहील. आमच्या त्या रूममेटसाठी मी हे कधीच केलं नाही.

हंटर्स मार्क हा तुझा मंत्रही बोनस ॲक्शन खातो, त्यामुळे पहिल्या फेरीत मार्क आणि लांडगा दोन्ही जमत नाहीत. स्वतःचा एक वार सोडून लांडग्याला वार करायला लावता येतं खरं, पण तिसऱ्या लेव्हलला तुझ्याकडे वारच एक असतो, मग तू नुसती उभी. पाचव्या लेव्हलला दोन वार आले की हा सौदा परवडतो. तोवर पहिल्या फेरीत एकच काय ते निवड. हुकूम नसला तरी लांडगा चालतो आणि वार चुकवत राहतो, त्यामुळे तो एकटा राहिला म्हणून जीव टांगणीला लावू नकोस.

आता माझी फजिती ऐक. साडेतीनमध्ये प्राण्याला एकेक काम शिकवावं लागायचं. लांडग्याची बुद्धी दोन, म्हणून सहा कामं, आणि ड्रुइडचा म्हणून एक जास्तीचं. मी हौसेने ‘हल्ला’ शिकवला, ‘माग काढ’ शिकवला, ‘आण’ शिकवला. पहिल्याच तळघरात सांगाडे उठले. मी ‘छू’ म्हटलं. लांडगा बसून राहिला. डीएमने शांतपणे पुस्तक उघडून वाचून दाखवलं: साध्या ‘हल्ला’मध्ये माणसं, राक्षस, इतर जनावरं येतात. मुडद्यांवर जायला शिकवायचं तर ते दोन कामांच्या बरोबरीचं. न शिकवलेलं जबरदस्तीने करून घ्यायला पंचवीसचा आकडा गाठायचा होता, म्हणजे माझे सगळे बोनस धरून वीस बाजूंच्या फाशावर सोळाच्या आसपास. तीनदा टाकला, तिन्ही वेळा खाली. लांडगा सांगाड्यांकडे बघत कान खाजवत होता.

पण त्याहून वाईट पुढच्या आठवड्यात झालं. एक डाकू शरण आला, माहिती द्यायला तयार होता. लांडगा थांबेना. मी ‘थांब’ शिकवलंच नव्हतं. ते न शिकलेलं जनावर समोरचा संपेपर्यंत किंवा स्वतः पळ काढेपर्यंत लढत राहतं, असा नियमच होता. डाकू संपला, माहिती संपली, आम्ही तीन सेशन चुकीच्या डोंगरावर फिरलो. आताच्या पुस्तकात अशी कामं शिकवावी लागत नाहीत. तरी पहिल्याच दिवशी डीएमला विचार: हुकूम तोंडाने द्यावा लागेल का? मी बेशुद्ध पडले तर लांडगा काय करेल? ते आधीच ठरवून ठेव. मध्यरात्री लढाईच्या मधोमध वाद घालण्यापेक्षा ते बरं.

लांडगा मेला तर एका तासाच्या आत हात लावून एक स्पेल स्लॉट खर्च करायचा, मिनिटभरात तो पूर्ण बरा होऊन उठतो. मिनिट म्हणजे दहा फेऱ्या, त्यामुळे त्या लढाईत त्याची आशा सोड. तुझ्याकडे तिसऱ्या लेव्हलला तीन स्लॉट. दोन वापर, एक राख. रात्रीच्या मुक्कामानंतर नवा प्राणी बोलावता येतो, पण तो नवा असतो. पुस्तकाला फरक पडत नाही, तुला पडेल. मी २०१४ च्या नियमांत पाचव्या लेव्हलचा लांडगा घेऊन फायरबॉलखाली सापडले होते. त्याचे हिट पॉइंट लेव्हलच्या चौपट, म्हणजे वीस, आणि फायरबॉल सरासरी अठ्ठावीसचा. दुसरा लांडगा आठ तासांत जोडता आला असता. मी त्या मोहिमेत जोडला नाही.

तुमच्या विझार्डने घुबड आणलं असेल तर ते वेगळं प्रकरण, फॅमिलियर. ते हल्ला करत नाही. त्याच्या डोळ्यांनी शंभर फुटांपर्यंत बघता येतं. दरवाज्यापलीकडचं त्याला बघू दे, तुझा लांडगा आत ढकलू नकोस.

आता ते दुसरं ताट. शनिवारी लांडग्याचं एक कार्ड वेगळं लिही, आकडे मोठे. आधीच्या माणसाची पाळी चालू असतानाच तुझं ठरलेलं असू दे. लांडग्याचा वार आणि मार दोन्हींचे फासे एकदमच टाक. आणि कुणाचं कॅरेक्टर बेशुद्ध पडून तो बिचारा फोन बघत बसला असेल, तर लांडग्याचे फासे त्याच्या हातात दे. हुकूम तुझा, फासे त्याचे. मी हे फार उशिरा शिकले. तेव्हा ती रूममेट दुसऱ्या गावाला गेली होती.

फासे दोन रंगांचे आण, तुझे एका रंगाचे, लांडग्याचे दुसऱ्या. माझ्या डब्यातले मागू नकोस. दिवाळीत नेलेला माझा हिरवा डी-एट अजून तुमच्याकडेच आहे.